उलट्या पिसांचा वंश

वासुदेव काशीनाथ पुराणिक यांनी आयुष्यात कधी अंडं खाल्लं नाही, पण चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून काही लाख अंडी गेली. शहराबाहेरच्या सरकारी कुक्कुट केंद्रात ते उबवणी यंत्र चालवत. यंत्रात साडेनव्व्याण्णव अंश फॅरनहाइट उष्णता ठेवायची, दर चार तासांनी अंडी फिरवायची, अठराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं आणि एकविसाव्या दिवशी दार उघडायचं. वीज गेली की कंदील आणि गरम पाण्याच्या बाटल्या. वाराणसीत वीज रोज जाई, त्यामुळे पुराणिकांनी विजेपेक्षा बाटल्यांवर जास्त भरवसा ठेवला होता. त्यांच्या हाताला शंभरातली ऐंशी अंडी फुटत. केंद्रात दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही.

घर मंगला गौरीच्या देवळाखालच्या गल्लीत. वडील काशीनाथशास्त्री बालाजीच्या देवळात पुराण सांगत. मुलाला सरकारी नोकरी लागली तेव्हा शास्त्रीबुवांनी एकच अट घातली, की कामावरून थेट घरात यायचं नाही. वासुदेवरावांनी ती अट वडील गेल्यावरही पाळली. संध्याकाळी सायकल गल्लीच्या तोंडाशी लावायची, बालाजी घाटावर उतरायचं, गंगेत बुडी मारायची, कोरडं धोतर नेसायचं आणि मग पायऱ्या चढायच्या. डिसेंबर-जानेवारीतही यात बदल नव्हता.

घाटावर श्रीनिवास भट बसलेले असत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "काय पुराणिक, कुक्कुटपुराण कुठवर आलं?"

"अध्याय विसावा," वासुदेवराव पाण्यातून म्हणत. "उद्या फुटेल."

१९९२ च्या ऑक्टोबरात केंद्राला हुकूम आला. देशी जातींचे कळप मोडायचे आणि पांढऱ्या, सहा आठवड्यांत वजन धरणाऱ्या कोंबड्या आणायच्या. देशी कळपांत एक कळप उलट्या पिसांच्या कोंबड्यांचा होता. साध्या कोंबडीचं पीस अंगाला चिकटून शेपटीकडे वळतं. या कोंबड्यांचं पीस मुळातून बाहेर वळून डोक्याकडे येई. लांबून पाहिलं तर वाऱ्यात उभ्या असल्यासारख्या दिसत, मग वारा असो वा नसो. या पिसांत पाऊस शिरतो आणि थंडीही शिरते, आणि त्यांनी उंच उडताही येत नाही. अशी कोंबडी खेड्यांत हजारात एखादी निघते, आणि निघाली की ओझा म्हणवणारे मांत्रिक आणि देवऋषी ती उतारा टाकायला उचलून नेतात. म्हणून ती दुर्मीळच राहते. केंद्रातल्या एका डॉक्टरांनी, देवव्रत सान्याल यांनी, वीस वर्षं खपून अशा तीस-चाळीस पक्ष्यांचा कळप जमवला होता. सान्याल निवृत्त होऊन लखनौला गेले आणि दोन वर्षांनी कळप मांसाच्या भावाने ठेकेदाराकडे गेला. कर्मचाऱ्यांना हवे तर चार-चार पक्षी घेता येत होते. वासुदेवरावांनी एक कोंबडा आणि तीन कोंबड्या घेतल्या.

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नी इंदूताई तांदूळ निवडत होत्या.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"अंड्यापासून ओळखतो मी त्यांना."

"ओळखता तर नमस्कार करा आणि सोडून द्या. घरात एक पीस आलेलं मला चालायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

पक्षी घरी येणार नव्हतेच. केंद्राचा चौकीदार रफ़ीक चार वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको सकीना बी नक्खीघाटला वरुणेच्या काठी राहायची. घरात मुलाचा करघा, म्हणजे हातमाग, मागे अंगण, अंगणात कडुनिंब आणि पाच-सहा देशी कोंबड्या. वासुदेवराव सायकलीला डालगं बांधून तिथं गेले. सकीना बीनं डालग्याचं झाकण उचललं आणि मागे सरकली.

"या अल्लाह! पंडितजी, इनको उल्टी कंघी किसने की?"

"ऐसी ही पैदा होती हैं."

"झबरी हैं," ती म्हणाली, आणि तेच नाव राहिलं. उलट्या पिसांच्या त्या झबऱ्या आणि साध्या पिसांच्या त्या सादी.

ठरलं ते असं. दाणा आणि लस वासुदेवराव आणतील, उबवायला लागतील ती अंडी बाजूला काढतील, बाकी अंडी सकीना बीची. कडुनिंबाखाली त्यांनी विटांचं खुराडं बांधलं आणि त्याला जाळी लावली. तेव्हापासून रोज संध्याकाळी केंद्रातून नक्खीघाट, नक्खीघाटहून बालाजी घाट, बुडी, आणि मग घर.

वासुदेवरावांना काय हवं होतं हे त्यांनी सकीना बीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सबंध अंगण झबऱ्यांचं. त्यात एकही सादी नको. सान्यालांच्या कळपातही दर वर्षी सादी पिल्लं निघत. वासुदेवरावांना वाटे, डॉक्टरांनी थोडी कडक निवड केली असती तर ती निघाली नसती. इथं एक गोष्ट सांगायला हवी. केंद्रात कोंबडा-कोंबडीच्या जोड्या डॉक्टर लावत. वासुदेवरावांकडे येत ती पेन्सिलीने क्रमांक घातलेली अंडी. अंड्यापासून पिल्लापर्यंतचं सगळं त्यांना ठाऊक होतं. अंड्याच्या आधीचं त्यांच्या खात्यात येत नव्हतं. पण तीस वर्षं अंडी उबवलेल्या माणसाला आपल्याला निम्मंच ठाऊक आहे असं वाटणं कठीण असतं.

१९९३ च्या मार्चमध्ये त्यांनी दोन खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवली आणि बावीस पिल्लं निघाली. पहिल्या दिवशी पिल्लांत काही फरक कळत नाही, सगळीच लोकरीचे गोळे असतात. पंधरा दिवसांनी पंखांची पिसं फुटली तेव्हा तीन तऱ्हा दिसल्या. सहा पिल्लं सादी होती. दहाजणांची पिसं आईबापांसारखी बाहेर वळलेली होती. आणि सहांची पिसं इतकी दाट वळलेली होती की सुताराच्या रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या ढलप्यांसारखी दिसत. वासुदेवराव त्या सहांपुढे उकिडवे बसून राहिले. वीस वर्षांत सान्यालांच्या कळपात अशी पिल्लं मोठी झालेली त्यांनी पाहिली नव्हती. ती तिथं का मोठी होत नव्हती, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

सादी सहा त्यांनी सकीना बीला दिली. "ये आप रख लीजिए," एवढंच म्हणाले. ती पुढे काय करेल हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पुढच्या जोड्यांसाठी त्यांनी सर्वांत दाट वळलेली सहा जाळीच्या आत ठेवली. साधारण वळलेली दहा त्यांनी पुढच्या वर्षभरात कुणाकुणाला वाटून टाकली. जुना कोंबडा, केंद्रातून आणलेला, आता त्यांना फिका वाटू लागला होता. त्याला त्यांनी जाळीबाहेर सकीना बीच्या देशी कोंबड्यांत सोडून दिलं; त्यांची अंडी ती रोजच्या रोज विकून टाकी.

त्या सौम्य थंडीत सहांची पिसं थोडी विरळ झाली, ती त्यांनी नेहमीची पिसगळ मानली. पुढच्या वसंतात जाळीतल्या सहांची अंडी कंदील लावलेल्या खोक्यात उबवली. फुटली कमी, शंभरात चाळीस. वासुदेवरावांना स्वतःच्या हाताचीच शंका आली. त्यांनी नवीन तापमापक घेतला. पण जी फुटली ती सगळीच्या सगळी दाट वळलेली होती. एकही सादी नाही. त्या दिवशी घाटावर त्यांनी श्रीनिवास भटांना आपण होऊन सांगितलं, "पुराण पुरं झालं."

भट म्हणाले, "मग फलश्रुती सांगा."

फलश्रुती थंडीत कळली.

दाट वळलेलं पीस ठिसूळ असतं. पक्षी खुराड्यात शिरला, जाळीला घासला, दुसऱ्यानं चोच मारली, की ते दांड्यापासून मोडतं. नोव्हेंबरात जाळीच्या आत मोडक्या पिसांचा थर साचू लागला. डिसेंबरात पाठी उघड्या पडल्या आणि त्यानंतर छात्या. नव्या वर्षाच्या सुरुवातीला वरुणेवर धुकं बसलं आणि चार-चार दिवस ऊन दिसेना, तेव्हा जाळीत सतरा पक्षी लाल कातडीनं एकमेकांना चिकटून बसलेले होते. अंगात ऊब टिकवायला ते सारखे खात आणि तरी वाळत. सकीना बीनं निखाऱ्यांची मातीची बोरसी आणून जाळीबाहेर ठेवली. वासुदेवरावांनी इंदूताईंची जुनी शाल मागून घेतली, तिचे तुकडे केले, पंखांपुरती भोकं ठेवली आणि नाडीनं पक्ष्यांच्या अंगावर बांधले.

सकीना बी ते पाहत उभी राहिली. "पंडितजी, मुर्गी पाल रहे हैं कि फ़कीर?"

फेब्रुवारीपर्यंत दहा मेले. सात उरले, त्यांत एकच कोंबडा. केंद्रातून आणलेल्या तीन कोंबड्यांपैकी दोन आदल्या वर्षीच मानमोडीनं गेल्या होत्या आणि तिसरी अंडी देत नव्हती. वाटून दिलेल्या दहांची वासुदेवरावांनी सायकलवर फिरून चौकशी केली. कुठे कुत्र्यानं नेली होती, कुठे पावसात गेली, तीन ओझ्यांना विकली गेली होती. सान्यालांच्या वीस वर्षांच्या कामातलं जे काही शिल्लक होतं ते या अंगणात होतं. ते पुढच्या थंडीत संपलं तर कुठेच राहणार नव्हतं, आणि ते वासुदेवरावांच्या हातून संपलेलं असणार होतं. डॉक्टरांना पत्र लिहावं असं त्यांच्या मनात आलं. पण पत्रात काय लिहायचं?

त्या मार्चमध्ये कस्तुरीसाठी, म्हणजे त्यांच्या मुलीसाठी, इंदूरहून स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर चांगलं. इंदूताईंनी पत्रिका वाचली आणि बाजूला ठेवली.

"काय झालं?" वासुदेवरावांनी विचारलं.

"वासिष्ठ गोत्र आहे. आपलंही तेच."

"पण मुलगा चांगला आहे."

"चांगला असेल, भाऊ म्हणून ठेवा. सगोत्रात देतात का कुणी?" मग त्यांचा आवाज जरा वर गेला. "आणि हो, तुमच्या त्या नागड्या कोंबड्या. दोन वर्षं ऐकते आहे, हे असं का झालं, तसं का झालं. सख्ख्या बहीण-भावांची लग्नं लावता आणि वर विचारता का झालं? काशीनाथशास्त्र्यांचे चिरंजीव! पोरीच्या वेळी गोत्र बघायचं आणि मुर्गीच्या वेळी नाही, हे कुठलं शास्त्र?"

वासुदेवरावांनी पत्रिकेची घडी करून ती पाकिटात घातली. मग म्हणाले, "खरं आहे."

इथं इंदूताईंचा तर्क चुकला होता, पण तो त्या घरात कुणालाही पटला असता. वासुदेवरावांनी पहिली चूक जातीच्या हिशेबानं केली होती, की सारख्याला सारखं द्यावं म्हणजे वंश शुद्ध राहतो. आता दुसरी चूक ते गोत्राच्या हिशेबानं करायला निघाले. सारखं हवं, पण रक्त वेगळं हवं. म्हणजे उलट्या पिसांचाच, पण परक्या घरचा कोंबडा.

तो शोधायला त्यांना महिना लागला. चुनारच्या बाजारात एका ओझाच्या टोपलीत तो मिळाला. ओझाला तो शनिवारी कापायचा होता. तो विकायला तयार नव्हता.

"आपके किस काम का?" त्यानं विचारलं. "आप तो बाभन लगते हैं."

"ब्याह कराना है," वासुदेवराव म्हणाले.

ओझा इतका हसला की त्यानं कोंबडा दिला.

या नव्या कोंबड्याची पिसं साधारण वळलेली होती. उरलेल्या नागड्या कोंबड्यांशी त्याची जोडी लावली. पावसाळ्यापूर्वी चौदा पिल्लं निघाली. त्यांतली सात दाट वळलेली होती आणि सात बेताची. वासुदेवरावांनी घरी सांगितलं, गोत्राचं बरोबर होतं, निम्मी सुधारली. इंदूताईंनी ताट वाढलं. त्या दिवशी ताटात आमटीबरोबर भजी होती.

ऑगस्टमध्ये वरुणा फुगून अंगणात आली. सकीना बीनं झबऱ्या करघ्याच्या खोलीत घेतल्या. त्यांना उडून निंबावर बसता येत नाही. घाईत एक जाळीचं खोकं खालीच राहिलं, त्यात चुनारचा कोंबडा आणि पाच पिल्लं बुडाली. थंडीत दाट वळलेली उरलेली पिल्लं पुन्हा उघडी पडली. बोरसी पुन्हा लागली आणि शालीचा दुसरा तुकडाही. १९९६ च्या फेब्रुवारीत जाळीत चार पक्षी होते. त्यांत एक नागडा कोंबडा. त्याला सकीना बी 'फ़कीर' म्हणत असे, आणि तो मात्र कशानं कोण जाणे टिकून होता.

मार्चच्या एका सकाळी, रविवार होता, वासुदेवराव अंगणात आले तर करघ्याच्या खोलीमागून एक सादी कोंबडी अकरा पिल्लं घेऊन बाहेर पडली. तिनं लाकडांच्या ढिगात अंडी लपवून स्वतःच उबवली होती. कुणी तापमापक लावला नव्हता, की अंडी फिरवली नव्हती. अकरापैकी अकरा फुटली होती असं सकीना बी म्हणाली, आणि वासुदेवरावांनी ढिगात शिरून टरफलं मोजली. अकराच होती.

पंधरा दिवसांनी त्या पिल्लांच्या पंखांची पिसं फुटली. पाच सादी होती आणि सहा झबरी. झबऱ्यांची पिसं बाहेर वळलेली, पण बेताची, केंद्रातल्या जुन्या कळपासारखी. वासुदेवरावांनी रोज येऊन त्यांच्या पाठी बोटांनी चाचपल्या. पिसं मोडत नव्हती. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती सहाही पिसांनी भरलेली, धट्टीकट्टी झाली.

"इनकी माँ कौन है?" त्यांनी विचारलं.

"आपकी ही दी हुई है," सकीना बी म्हणाली. ती सूप पाखडत होती. "तीन बरस पहले जो छह सादी दी थीं न आपने, उन्हीं में की. अंडा बहुत देती थी, रख ली."

"और बाप?"

तिनं सुपावरून हनुवटीनं दाखवलं. निंबाच्या बुंध्याशी केंद्रातून आणलेला जुना कोंबडा, पाच वर्षांचा, एक डोळा गेलेला, माती उकरत होता.

म्हणजे ती कोंबडी त्याचीच मुलगी. वासुदेवराव उभे होते ते विटांवर बसले. त्या अंगणातली सर्वांत निरोगी पिल्लं बाप-लेकीची होती. हे त्यांनी इंदूताईंना पुढे कधीही सांगितलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "और बाकी पाँच?"

"कौन पाँच?"

"छह सादी दी थीं."

सकीना बीनं सूप खाली ठेवलं. "पंडितजी, आप अब पूछ रहे हैं?" ती हसली नाही. "खा गए. उसी साल. आपने क्या सोचा था, हज पर भेज दिया?"

त्या आठवड्यात त्यांनी लखनौला पत्र लिहिलं. इतकी वर्षं जे लिहिता आलं नव्हतं ते सगळं लिहिलं. किती अंडी, किती फुटली, कुणाची पिसं कशी, किती मेले. चार पानं झाली. उत्तर पोस्टकार्डावर आलं, हिंदीत, बारीक अक्षरात. सान्यालांनी लिहिलं होतं, की उलटं पीस हा एका मात्रेचा गुण आहे. बाप किंवा आई, एकाकडूनच तो आला तर पीस वळतं. दोघांकडूनही आला तर दोन मात्रा होतात आणि पीस टिकत नाही. उलट्याला उलटं दिलं की चारात एक पिल्लू नागडं होणारच, मग ते सख्खं असो की परकं. गोत्राचा संबंध नाही. सर्वांत दाट दिसतात तीच दोन मात्रांची. ती आम्ही पहिल्या पंधरवड्यातच काढून टाकत होतो, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

खाली दोन मार्ग लिहिले होते. एक, झबरी आणि सादी यांची जोडी. पिल्लं निम्मी झबरी, निम्मी सादी, नागडं एकही नाही. दोन, नागडा कोंबडा आणि सादी कोंबडी. पिल्लं सगळी झबरी. 'परंतु या मार्गाला दर पिढीत एक नागडा जिवंत ठेवावा लागतो. शुद्ध वंश या पिसाला नाही. तुम्ही ठरवा.'

पोस्टकार्ड खिशात घेऊन वासुदेवराव महिनाभर हिंडले. जुलैत ते निवृत्त झाले. केंद्रात हार आणि छत्री मिळाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे सबंध दिवस मोकळा होता आणि तो ते नक्खीघाटलाच घालवू लागले.

फ़कीर अजून जिवंत होता. त्याला सादी कोंबड्यांत सोडलं तर पहिल्याच हंगामात अंगणभर झबऱ्या होणार होत्या, एकही सादी नाही. त्यांना पहिल्या आठवड्यापासून हवं होतं तेच. सकीना बीच्या चुलीवरही काही जाणार नव्हतं. त्यासाठी फक्त दर काही वर्षांनी झबऱ्याला झबरी देऊन एक नागडा मुद्दाम जन्माला घालायचा, बोरसीपाशी वाढवायचा आणि तो मरायच्या आत दुसऱ्याची सोय करायची. कार्डावरच्या पहिल्या मार्गात दर झबऱ्या पिल्लामागे एक सादी पिल्लू येणार होतं. सादी कोंबड्या अंड्यांना ठेवता येतात. सादी कोंबडे ठेवता येत नाहीत. अंगण तेवढं मोठं नव्हतं आणि ते एकमेकांना फाडतात.

त्यांनी हे इंदूताईंना सांगितलं, बाप-लेक वगळून.

इंदूताई देवाची भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "मला मेलं यातलं काय कळतं? पण मुद्दाम नागडं करायचं आणि मग त्याला माझ्या शालीचे कपडे शिवायचे, हे बरं नाही दिसत."

"आणि दुसरं?"

"त्यातल्या सादी पिल्लांचं तुम्ही आजवर काय करत होतात?"

"देऊन टाकत होतो."

"मग?"

"विचारत नव्हतो."

"हूं," इंदूताई म्हणाल्या. त्यांनी तांब्या उपडा घातला. "आता विचारलंत ना."

सकीना बीनं या वेळी स्वतःच अट घातली. तिच्या मुलाला आता सबंध अंगण फुकट दिलेलं पटत नव्हतं. "झबरी सब आपकी," ती म्हणाली. "सादी मुर्गी रहेगी, अंडा मेरा. सादी मुर्गा जो भी निकले, मेरा. लेकिन पंडितजी, अबकी आप मुँह से कहिए. पिछली बार 'रख लीजिए' कहकर चल दिए थे, हमको चोरी-सा लगा."

वासुदेवराव सायकल काढून निघाले. दोन दिवस ते नक्खीघाटला गेले नाहीत. केंद्रात चौतीस वर्षं त्यांनी जी पिल्लं काढली ती कुठे जातात हे त्यांना माहीत होतं. ट्रक फाटकातून बाहेर पडे तेव्हा ते यंत्राच्या खोलीत असत, आणि खोलीला फाटकाकडे खिडकी नव्हती. तिसऱ्या दिवशी ते गेले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "सादी मुर्गे आपके. खाने के लिए."

"ठीक है," सकीना बी म्हणाली, आणि दाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला.

सप्टेंबरात जुना कोंबडा आणि शेजारच्या घरांतून आणलेल्या तीन सादी कोंबड्या यांची अंडी उबवली. तेरा पिल्लं निघाली, सात झबरी आणि सहा सादी. सहांत चार कोंबडे होते. फ़कीरला वासुदेवरावांनी कुणाशी जोडलं नाही. तो बोरसीपाशी दाणे खात राहिला आणि डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी तिथेच मेलेला सापडला. त्या थंडीत दुसरा एकही पक्षी गेला नाही. जानेवारीच्या धुक्यात झबऱ्या फुगून, विस्कटून अंगणात फिरत होत्या आणि त्यांच्या पाठी झाकलेल्या होत्या.

१९९७ च्या फेब्रुवारीत ईदच्या आदल्या दुपारी वासुदेवराव अंगणात नव्या अंड्यांवर क्रमांक घालत होते. सकीना बी दोनदा बाहेर येऊन आत गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "पंडितजी, आज जल्दी घर जाइए."

"क्यों?"

"मेहमान आएँगे कल. चारों चाहिए. पर कमबख़्त ऊपर चढ़े बैठे हैं."

सप्टेंबरातले चारही सादी कोंबडे करघ्याच्या खोलीच्या कौलांवर बसले होते. झबऱ्या कधी हाताबाहेर जात नसत, पण सादी कोंबड्यांना सरळ पिसं होती आणि ते सरळ उडत. सकीना बीचा मुलगा बाजारात गेला होता आणि तिला शिडी चढता येत नव्हती.

वासुदेवरावांनी पेन्सिल कानावर ठेवली. शिडी भिंतीला लावली, धोतर खोचलं आणि वर गेले. कोंबडे त्यांना रोज पाहत, म्हणून बुजले नाहीत. त्यांनी एकेकाला पंखांखालून धरलं, पाय दोन बोटांत घेतले आणि खाली आणलं. चार वेळा चढले, चार वेळा उतरले. अठ्ठावन्न वर्षांचं वय, शेवटच्या वेळी ते शिडीच्या मधल्या पायरीवर थोडे थांबले.

खाली आल्यावर ते विटांवर बसले. चौघांच्या पायांत त्यांनी ॲल्युमिनियमची कडी घातली होती, जन्मक्रमांकाची. चिमट्यानं त्यांनी ती एकेक करून काढली आणि खिशात टाकली. मार्चच्या पिल्लांना लागणार होती. मग पहिला कोंबडा त्यांनी सकीना बीच्या हातात दिला.

"ये लीजिए," ते म्हणाले. "पकड़िए ठीक से, ये वाला तेज़ है."